आज जे शिजले तेच: खानावळीच्या ठरलेल्या ताटाविषयी

जेवणाऱ्याने पदार्थ निवडायचे नाहीत, स्वयंपाक करणाऱ्याने त्या दिवशी जे रांधले असेल ते ताटात घ्यायचे, ही पद्धत आज मोठ्या शहरांतील महागड्या उपाहारगृहांत नवी म्हणून मांडली जात असली, तरी मराठी माणसाला ती खानावळीच्या रूपाने चांगली ठाऊक आहे. बाहेरच्या जेवणाच्या जगात मुळात दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत पदार्थांची आणि किमतींची यादी समोर येते, ग्राहक तीतून हवे ते मागवतो आणि स्वयंपाकघर त्याच्या मागणीनुसार चालते. फ्रेंच लोक हिला ‘आ ला कार्त’, म्हणजे पत्रकावरून, असे म्हणतात. दुसऱ्या रीतीत जेवण ठरलेले असते, किंमतही ठरलेली असते आणि जेवणारा केवळ वेळेवर येऊन बसतो. हिचे फ्रेंच नाव ‘ताब्ल दोत’, म्हणजे यजमानाचे टेबल, असे आहे. जपानमध्ये हीच दुसरी रीत ‘ओमाकासे’ या शब्दाने ओळखली जाते आणि त्याचा अर्थ ‘तुमच्यावर सोपवले’ असा होतो. या तिन्ही शब्दांत जपानी शब्द सर्वांत नेमका वाटतो, कारण ठरलेल्या ताटाचा खरा पाया काटकसर हा नसून सोपवणे हा आहे.

मराठीत यासाठी जो शब्द रूढ आहे त्याची घडणही पाहण्यासारखी आहे. आज ‘खानावळ’ असे लिहिले जात असले, तरी ‘खाणावळ’ हे रूप शिवणावळ, धुणावळ, दळणावळ या शब्दांच्या कुळातले आहे आणि हे सारे शब्द मोबदल्याचे आहेत: शिवण्याचे पैसे ती शिवणावळ, धुण्याचे पैसे ती धुणावळ. त्याच न्यायाने खाणावळ म्हणजे जेवण्याचे पैसे, आणि ते देऊन जिथे जेवायचे ती जागाही खाणावळच. या नावात पदार्थांचा उल्लेख कुठेच नाही. शिवणावळ देणारा माणूस शिंप्याला टाके कसे घालायचे हे सांगत नाही, तसेच खाणावळ देणाऱ्यानेही आमटी कशाची करायची हे सांगायचे नाही, असा एक करार या शब्दातच बसलेला दिसतो.

हा करार जगात इतरत्र किती जुळत्या रूपात आढळतो, हे पाहण्यासाठी भूमध्य समुद्रातील सार्डिनिया बेटाचे उदाहरण उपयोगी पडते. सुमारे २४ हजार चौरस किलोमीटर क्षेत्राचे हे इटालियन बेट डोंगराळ असून तेथे माणसांपेक्षा मेंढ्यांची संख्या जास्त आहे, आणि तेथील आतल्या भागाचे खाणे समुद्रावर नव्हे तर धनगरी जीवनावर उभे आहे. या भागातील लहान भोजनगृहांत, विशेषतः शेतावरच चालणाऱ्या ‘आग्रितुरिस्मो’ नावाच्या घरांत, बहुधा पत्रक नसतेच. आधी कळवून जायचे, एकच ठरलेली रक्कम द्यायची आणि घरात जे असेल ते क्रमाने येऊ द्यायचे, अशी तिथली रीत आहे. इटलीने १९८५ मध्ये कायदा करून या शेतघरांना मान्यता दिली आणि पुढे २००६ मध्ये तो कायदा नव्याने बांधला. पाहुण्यांचे आदरातिथ्य हा शेतीचा जोडधंदा राहावा, त्याने शेतीची जागा घेऊ नये आणि ताटात आपल्या शेतातला व आसपासचा माल असावा, हे त्यामागचे सूत्र आहे.

तेथील ताटातले पदार्थ मराठी वाचकाला नावाने परके, पण हाताने ओळखीचे वाटतील. ओल्यास्त्रा भागातील ‘कुलुर्जोनेस’ हा पदार्थ म्हणजे बटाटा, मेंढीच्या दुधाचे चीज आणि पुदिना यांचे सारण भरलेली कणकेची पुडी असते, आणि तिची कड चिमटीने एकाआड एक दुमडत अशी मिटवली जाते की मिटलेली पुडी गव्हाच्या ओंबीसारखी दिसावी. करंजीला मुरड घालणाऱ्या हाताला ही चिमटी वेगळी शिकवावी लागणार नाही. रव्याचे कण तळहाताने परातीत फिरवून बनवलेली ‘फ्रेगोला’ आणि बोटाने दाबून टोपलीच्या विणीवर उमटवलेले ‘मालोरेद्दुस’ पाहिले, की आपल्याकडील वळवटाची, म्हणजे हाताने वळलेल्या गव्हले, नखुले, मालत्या यांची आठवण होते. चीज भरून तळलेल्या आणि वरून मध ओतलेल्या ‘सेआदास’ला कानवल्याची बहीण म्हणता येईल. वळवट काय किंवा फ्रेगोला काय, हे सावकाश करायचे, सुटीत चारचौघींनी मिळून करून वाळवून ठेवायचे पदार्थ आहेत. ‘दहा मिनिटांत आणा’ असे सांगणाऱ्या ग्राहकासाठी ते जन्मलेलेच नाहीत. पत्रकाच्या उपाहारगृहातून असे पदार्थ हळूहळू नाहीसे होतात आणि ठरलेल्या ताटात मात्र टिकून राहतात, त्याचे कारण हेच आहे.

आता आपल्याकडचे उदाहरण म्हणून कामथडी या गावाकडे वळले तर हीच गोष्ट वेगळ्या भूगोलात दिसते. भोर तालुक्यातील हे गाव पुण्यापासून साधारण पस्तीस ते चाळीस किलोमीटरवर, पुणे–सातारा महामार्गाच्या पट्ट्यात, नसरापूर आणि कापूरहोळच्या परिसरात आहे. ‘थडी’ म्हणजे नदीचा काठ; भीमथडी, गंगाथडी यांसारख्या प्रदेशनामांतला हा शब्द कामथडीच्या नावातही ऐकू येतो. नसरापूर फाट्यावरून पश्चिमेला वळले की वेल्ह्याचा रस्ता लागतो आणि राजगड व तोरणा समोर येतात. कापूरहोळवरून एक वाट भोरकडे तर दुसरी नारायणपूर आणि सासवडकडे जाते. पश्चिमेला घाटमाथ्याचा धुवाधार पाऊस आणि भातखाचरे, पूर्वेला काही कोसांतच कमी होत जाणारा पाऊस आणि ज्वारी-बाजरीचे रान, अशा दोन अन्नप्रदेशांच्या सांध्यावर हा पट्टा आहे. त्यामुळे येथील साध्या ताटात भात आणि भाकरी दोन्ही मानाने येतात, एक दुसऱ्याची भरपाई म्हणून नव्हे.

भाताविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. मावळपट्ट्याचा जुना वाण आंबेमोहोर. शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा दरवळतो म्हणून त्याचे हे नाव, आणि शेजारच्या मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. बासमतीप्रमाणेच येथेही सुगंधाचे प्रमुख कारण ‘२-असिटिल-१-पायरोलीन’ नावाचे एक उडून जाणारे संयुग असते. आंबेमोहोर उंच वाढतो, लोळतो आणि उत्पन्न कमी देतो, म्हणून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हा वाण काढला व १९८७ मध्ये तो शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाला. इंद्रायणीचा भात मऊ आणि चिकट होतो, शिते एकमेकांना धरून राहतात. पत्रकावरून चालणाऱ्या हॉटेलला सुटा, लांब दाण्याचा भात लागतो, कारण तो आधी शिजवून ठेवता येतो आणि मागणी येईल तसा परतता येतो. इंद्रायणी मात्र पातेल्यातून थेट ताटात, वर पातळ वरण किंवा आमटी घेऊनच खायचा भात आहे. म्हणजे या मातीचा भात स्वभावतःच ठरलेल्या वेळेच्या, ठरलेल्या ताटाचा भात आहे.

भाकरीची गोष्ट त्याहूनही काटेकोर आहे. ज्वारी, बाजरी आणि नाचणीच्या पिठात गव्हासारखे ग्लूटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे प्रथिन, नसते, म्हणून पीठ गरम पाण्याने मळावे लागते. त्या उष्णतेने पिठातील स्टार्च फुगून चिकट होतो आणि गोळा तुटत नाही. मळलेला गोळा परातीत पिठावर ठेवून तळहाताच्या कडेने थापला जातो, थापताना तो स्वतःभोवती फिरत राहतो आणि कडा चिरल्या तर ओल्या बोटाने सांधल्या जातात. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवतात, ते सुकत आले की भाकरी उलटतात आणि शेवटी तवा बाजूला सारून थेट आचेवर टेकवतात, तेव्हा आत कोंडलेल्या वाफेने पापुद्रा सुटतो. हा पापुद्रा जेवणाऱ्याच्या ताटात पोहोचेपर्यंत सुटलेला राहावा, ही चांगल्या खानावळीची खूण मानली जाते. सार्डिनियाच्या मेंढपाळांनी याच्या अगदी उलट उत्तर काढले: ‘पाने कारासाऊ’ ही त्यांची पातळ भाकरी भट्टीत फुगवून, तिचे दोन पापुद्रे वेगळे करून पुन्हा भाजतात, आणि ती कागदासारखी कडक होऊन रानात कित्येक आठवडे टिकते. एका ठिकाणी पापुद्रा टिकवण्यासाठी सोडवला, दुसऱ्या ठिकाणी लगेच खाण्यासाठी. पण दोन्हीकडे भाकरी कशी असावी हे जेवणाऱ्याच्या आवडीने नव्हे तर धान्याच्या आणि कामाच्या स्वभावाने ठरले.

निवड रांधणाऱ्याकडे असण्याचे सर्वांत भक्कम कारण मात्र पावसाळ्यातल्या रानभाज्यांत सापडते. पहिल्या पावसाच्या आगेमागे सह्याद्रीच्या रानात शेवळे उगवतात, पाठोपाठ टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी आणि करटोली येतात, आणि यांतील कितीतरी भाज्यांचा हंगाम काही आठवड्यांत आटोपतो. शेवळ्यात, तसेच अळूत, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते घशाला टोचून खाज आणतात. म्हणून अळूला चिंच किंवा आमसूल लागते आणि शेवळ्यात काकड नावाच्या रानझाडाची आंबट फळे घालतात. कोणती भाजी कोवळी आहे, कोणती जून झाली, कशाला आंबट हवे आणि कशाचे पहिले पाणी टाकून द्यायचे, हे ज्ञान रानात जाणाऱ्या आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईजवळ असते. शहरातून आलेल्या पाहुण्याजवळ ते नसते आणि असण्याची अपेक्षाही नाही. ज्याला भाजीचे नावच ठाऊक नाही तो ती यादीतून निवडणार तरी कशी? छापील पत्रकात वर्षभर मिळणारे पनीर, बटाटा आणि मटार यांचेच राज्य का चालते, याचे उत्तर इथे आहे: जे आठ दिवसांसाठी येते ते छापता येत नाही.

यामागे स्वयंपाकघराचा हिशेबही आहे. शंभर पदार्थांचे पत्रक ठेवणाऱ्या हॉटेलला कोणता पदार्थ मागवला जाईल हे आधी कळत नाही, म्हणून तेथे लाल, पिवळी आणि पांढरी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या सकाळीच मोठ्या भांड्यांत करून ठेवतात आणि मागणीप्रमाणे त्यांतच वेगवेगळे जिन्नस घालतात. यादी लांबलचक दिसते, पण चव दोन-तीन भांड्यांतूनच येते. खानावळीचे गणित उलटे असते. साठ माणसे जेवणार हे ठरलेले असले, की माणशी ऐंशी ते शंभर ग्रॅम धरून पाच-सहा किलो तांदूळ, किलोला साधारण आठ-नऊ भाकऱ्या या अंदाजाने पीठ, एक फळभाजी, एक उसळ किंवा पालेभाजी आणि पातेलेभर आमटी, एवढ्यावर काम भागते. साठवण कमी लागते, उरते कमी, आणि आज बाजारात वांगी स्वस्त व ताजी मिळाली तर आज वांगीच होतात. ठरलेल्या ताटाची किंमत कमी राहते ती जिन्नस हलका वापरल्याने नव्हे, तर अनिश्चितता काढून टाकल्याने.

याच हिशेबावर शहरात गेलेल्यांचीही पोटे भरली. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातून, घाटावरच्या इतर तालुक्यांतून आणि कोकणातून जे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत कामाला गेले, त्यांचा संसार गावी राहिला आणि पोट खानावळीवर राहिले. गिरणगावातील लहानशा खोलीत एक बाई पाळीप्रमाणे येणाऱ्या वीस-पंचवीस कामगारांना दोन वेळ जेवू घाली, हिशेब महिन्याचा असे आणि पगार होईपर्यंत किराणा उधारीवर चाले. या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या होत्या, आणि संपाच्या काळात कामगारांना उधारीवर जेवू घालण्याचा भारही त्यांच्यावरच पडे. हे ओळखून कामगार चळवळीतील कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची उभारणी केली आणि त्यातून या बायकांना बँकेचे कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. कामगार चळवळीच्या इतिहासात सभा आणि नेते यांची नोंद पुष्कळ आहे. संप ज्या भाकरीवर टिकला ती थापणाऱ्या हातांची नोंद त्या मानाने फार थोडी आहे, आणि ही उणीव भरून निघणे आवश्यक आहे.

खानावळीविषयी लिहिताना तिची काळी बाजूही सांगितलीच पाहिजे. एका पंक्तीत कोणी बसावे आणि कोणाच्या हातचे खावे हे जातीने ठरत होते, खानावळींच्या नावांपुढे जातींची नावे लावलेली असत आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाला पैसे देऊनही आत प्रवेश नव्हता. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत प्रवेश करताना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून आडकाठी करण्यास मनाई केली, आणि १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली. ‘रांधणाऱ्यावर सोपवणे’ या तत्त्वाला खरी किंमत त्यानंतरच आली असे म्हणावे लागते, कारण ज्या पंक्तीत काहींनाच बसता येते त्या पंक्तीतल्या विश्वासाला अर्थ नसतो.

या पद्धतीची रूपे मराठी मुलखात आणि त्याच्या कडेला अनेक आहेत. पुण्यात टिळक रस्त्यावरील ‘बादशाही’ने १९३२ पासून विद्यार्थी आणि एकट्या राहणाऱ्या नोकरदारांच्या पिढ्या जेवू घातल्या; मालवणकडच्या घरगुती खानावळीत त्या दिवशी होडीला जे लागले ते मासे ताटात येतात आणि पावसाळ्यातील मासेमारीबंदीत सुक्या माशांवर भागवले जाते; कोल्हापुरात मटणाच्या ताटाबरोबर तांबडा आणि पांढरा रस्सा न मागता येतो. उत्तर कर्नाटकात, विजापूर आणि धारवाडकडे, हाच शब्द ‘खानावळी’ होऊन कन्नडमध्ये रुळला आहे आणि तेथे ज्वारीची भाकरी, भरले वांगे व शेंगदाण्याची चटणी यांचे ठरलेले ताट मिळते.

मात्र सार्डिनियाच्या शेतघराशी सर्वांत जवळचे साम्य शोधायचे तर महामार्ग सोडून गडांच्या पायथ्याला गेले पाहिजे. राजगडाखालच्या गुंजवणे आणि पाली या गावांत, तसेच तोरण्याखालच्या वेल्ह्यात, गडावर जाणाऱ्यांना घराघरांतून जेवण मिळते. आधी फोन करायचा, किती माणसे आणि किती वाजता एवढे सांगायचे, आणि उतरल्यावर ओसरीवर किंवा पडवीत मांडी घालून बसायचे. पिठले, भाकरी, ठेचा, कांदा, इंद्रायणीचा भात आणि त्या दिवशीची भाजी समोर येते. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले आणि शेतकऱ्याच्या घरी मिळणाऱ्या अशा जेवणाला व मुक्कामाला धोरणात स्थान मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. धोका आहे तो वेगळाच. पाहुण्यांनी पनीर आणि नूडल्स मागायला सुरुवात केली, की घरधनीण दुकानातून तयार मसाल्याची पाकिटे आणू लागते आणि दारातली भारंगी दारातच राहते. पत्रक छापून येण्याआधी ते मागणीच्या रूपाने येते आणि मग ताट बदलते.

म्हणून गडावर किंवा नुसत्या जेवणासाठी या भागात जाणाऱ्या वाचकांना विनंती आहे की, आदल्या संध्याकाळीच फोन करून माणसांची संख्या आणि पोहोचण्याची वेळ कळवावी, एखादा जिन्नस प्रकृतीला चालत नसेल तर तो आवर्जून सांगावा, आणि काय रांधायचे ते मात्र त्या घरावर सोडावे.